पाय दमतात की हुकूम दमतो?

कंपवात झालेल्या माणसाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाची, एक तक्रार घरोघरी ऐकू येते: ‘पायांत जीवच राहत नाही.’ दूध आणायला निघालेले आजोबा जाताना बरे चालतात, येताना भिंतीला, कठड्याला, उभ्या स्कूटरला धरत येतात. घरचे म्हणतात, वय झालं, दमणारच. कधीतरी तक्रार डॉक्टरांपुढे जाते. डॉक्टर खाटेवर झोपवतात, पाय उचला म्हणतात, वरून हाताने दाबून बघतात, पंजा ढकलायला सांगतात आणि कागदावर लिहितात की स्नायूंची ताकद चांगली आहे. आजोबांना वाटतं, यांना आपलं म्हणणं पटलेलंच नाही. खरं तर दोघंही बरोबर असतात. खाटेवर एकदा लावायची ताकद वेगळी आणि रस्त्यावर तीनशे पावलं टिकवायची ताकद वेगळी.

हा मतभेद दोनशे वर्षं जुना आहे. लंडनच्या हॉक्सटन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात सहाच रुग्ण होते आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात येता-जाता पाहिलेले. तरीही वर्णन इतकं नेमकं की आजही खोडावं असं त्यात फार थोडं सापडतं. शरीर पुढे झुकतं, चालता चालता माणूस नकळत पळायला लागतो, हे त्यांनी टिपलं. स्नायूंचं बळ कमी होतं, असंही लिहिलं. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी या शेवटच्या मुद्द्याला हरकत घेतली. हा लकवा नव्हे, बळ बऱ्यापैकी शाबूत असतं, हालचाल मंदावते ती वेगळ्या कारणाने, असं त्यांचं म्हणणं होतं. आजाराला पार्किन्सन यांचं नाव देण्याचा आग्रहही शार्को यांचाच.

आता ताकद मोजायची यंत्रं आहेत आणि त्यांनी दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवलं आहे. कंपवाताचा रुग्ण सावकाश, जोर लावून पाय ढकलतो तेव्हा तो समवयस्कांच्या फार मागे नसतो. तेच झटक्यात करायला सांगितलं की फरक वाढतो. जोर येतो, पण उशिरा येतो. चालताना, तोल सावरताना आपल्याला लागतो तो मात्र झटक्याचाच जोर. पाय अडखळल्यावर दुसरा पाय पुढे टाकायला सेकंदाचा काही अंश मिळतो. तेवढ्या वेळात जोर आला नाही, तर तो अंगात आहे की नाही याला फारसा अर्थ उरत नाही.

उशीर का होतो, याचं उत्तर मेंदूच्या तळाशी आहे. सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्ट्यातल्या पेशी डोपामिन तयार करतात. आजाराची लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. डोपामिनवर चालणारी बेसल गँग्लिया ही यंत्रणा स्वतः स्नायूंना हुकूम सोडत नाही. कुठल्या हालचालीला किती जोर द्यायचा आणि सवयीची हालचाल डोकं न लावता कशी चालू ठेवायची, हे ती सांभाळते. डोपामिन आटलं की हुकूम सुटतो, पण तोकडा सुटतो. मार्क हॅलेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये स्नायूंतल्या विजेच्या नोंदी घेऊन हे दाखवलं. निरोगी माणूस हात झटकन हलवतो तेव्हा मुख्य स्नायूत सुरुवातीला एकच मोठा विद्युत-उमाळा येतो आणि काम होतं. कंपवातात तो उमाळा पुरत नाही, म्हणून दुसरा, तिसरा, चौथा येतो. हातपंपाच्या एका दमदार हिसड्यात भरणारी घागर चार अर्ध्यामुर्ध्या हिसड्यांनी भरावी, तसं. घागर भरते, पण वेळ जातो आणि दमही जास्त लागतो.

दमण्याकडे यायचं तर आधी ‘थकवा’ हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो हे ध्यानात घ्यायला हवं. एक म्हणजे थकल्यासारखं वाटणं: सकाळी उठल्यापासून अंगात मरगळ, काही करू नये असं वाटणं. कंपवाताच्या साधारण निम्म्या रुग्णांना हा त्रास असतो आणि कित्येकांना तो हाताच्या थरथरीपेक्षा जाचक वाटतो. दुसरी गोष्ट मोजता येते: तीच हालचाल पुन्हा पुन्हा केल्यावर जोर किंवा वेग कितीने घटला. या दोन्ही बरोबरच असतात असं नाही. मरगळलेला माणूस कधी छान चालून दाखवतो आणि ‘मला काही दमायला झालं नाही’ म्हणणाऱ्या माणसाची पावलं पन्नासाव्या पावलाला निम्मी झालेली असतात. मला या लेखात जास्त रस आहे तो दुसऱ्या प्रकारात, कारण माणसं पडतात ती बहुधा तिथे.

स्नायू दमतो म्हणजे काय होतं? लॅक्टिक ॲसिड साचतं, असं शाळेत शिकलेलं उत्तर बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. आता त्या बिचाऱ्या आम्लावरचा आरोप बराच सौम्य झाला आहे. स्नायूच्या तंतूंत आकुंचनासाठी कॅल्शियम सुटावं लागतं. सतत काम झालं की फॉस्फेट साचतं, कॅल्शियम कमी सुटतं आणि तंतूंची पकड ढिली पडते. हा झाला स्नायूच्या आतला थकवा. दुसरा थकवा त्याच्या वर, मज्जारज्जूत आणि मेंदूत असतो. स्नायूत जोर शिल्लक असतो, पण त्याला जागं करणारा हुकूमच कमी पडतो.

हे दुसरं प्रकरण इटलीच्या अँजेलो मोस्सो यांनी फार मजेशीर पद्धतीने पुढे आणलं. त्यांनी एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. हात बांधून ठेवायचा आणि एकाच बोटाने दोरीला लटकवलेलं वजन ठरावीक तालात उचलत राहायचं. बोट थकत जातं तशा कागदावरच्या रेषा बुटक्या होत जातात. थकव्यावरचं त्यांचं पुस्तक १८९१ साली आलं. त्यांच्या एका सहकारी प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्याआधी आणि घेतल्यानंतर हा प्रयोग केला. परीक्षा घेताना बोटाने काहीच काम केलं नव्हतं. तरी नंतर तेच बोट फार लवकर थकलं. तोंडी परीक्षा घेऊन शिणलेल्या कुठल्याही मास्तरांना याचं नवल वाटणार नाही. डोक्याला झालेला ताण स्नायूच्या रेषेत उमटतो, ही गोष्ट मात्र त्या कागदावर कायमची नोंदली गेली. कंपवाताच्या रुग्णाला ती रोज भोगावी लागते.

निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. भाजीचा हिशेब करतो, फोनवर बोलतो, शिव्याही देतो, पाय आपले चालत असतात. कंपवातात ही आपोआप चालण्याची सोय हळूहळू जाते आणि माणूस प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकायला लागतो. त्याने चालणं सुधारतंही. पण लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. पाय दमले की तेच पाऊल टाकायला जास्त लक्ष लागतं. लक्ष दमलं की पाय आखडतात. हे दोन थकवे एकमेकांना ओढत नेतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये वृद्ध मंडळींचं साधं निरीक्षण केलं होतं: बरोबर चालणाऱ्याने बोलायला सुरुवात केली की कोण थांबतं आणि कोण चालता चालता उत्तर देतं. पुढच्या सहा महिन्यांत पडणाऱ्यांमध्ये थांबणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. ते सगळे काही कंपवाताचे रुग्ण नव्हते, पण नियम तोच. म्हणून आजोबा जिन्यात असताना खालून ‘येताना कोथिंबीर आणली का?’ असं ओरडून विचारू नये.

या आजाराची एक खोड तर थकव्यासारखीच दिसते आणि तरी ती नेहमीच्या अर्थाने थकवा नसते. बँकेत सही करताना पहिली दोन अक्षरं ठीक येतात आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर अक्षर मुंगीएवढं होतं. तर्जनी आणि अंगठा चिमटीसारखे उघडझाप करायला सांगितले, तर पहिल्या चार-पाच वेळा बोटं चांगली उघडतात, मग अंतर कमी होत जातं. डॉक्टर कंपवाताचं निदान करतात तेव्हा नुसती मंद हालचाल पुरत नाही. हालचाल चालू ठेवल्यावर ती लहान किंवा संथ होत गेली पाहिजे, असं २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत स्पष्ट आहे. म्हणजे ‘चालू ठेवलं की घटणं’ हे आजाराच्या व्याख्येतच आहे. पावलांनाही तोच नियम लागू पडतो. पहिलं पाऊल लांब, पुढचं जरा आखूड, त्यापुढचं आणखी आखूड. शरीराचा भार पुढे झुकलेला, पावलं आखूड, म्हणून तोल गाठण्यासाठी ती भरभर पडू लागतात. पार्किन्सन यांनी पाहिलेलं नकळत पळणं ते हेच. काही जणांचे पाय शेवटी जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, विशेषतः दारात, वळताना, लिफ्टपाशी.

याला स्नायूचा थकवा म्हणता येत नाही, याचा पुरावा सोपा आहे. पाय थिजलेल्या माणसापुढे जमिनीवर काठी आडवी ठेवली, की बऱ्याचदा तो ती सहज ओलांडून पुढे जातो. लंडनचे जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये लिहिलं होतं की जमिनीवर आडवे पट्टे आखले की अशा रुग्णांची चाल सुधारते. दमलेल्या स्नायूला रंगाचा पट्टा बघून ताकद येत नाही. स्नायूत जोर होता, हुकूम अडकला होता आणि डोळ्यांनी त्याला दुसरा रस्ता दाखवला. नंतरच्या अभ्यासांत हेही दिसलं की डोपामिनची उणीव भरणाऱ्या गोळीने पावलाची लांबी वाढते, पण पावलागणिक होणारी घट गोळीने फारशी जात नाही. ती पट्ट्यांनी आणि मुद्दाम लक्ष देण्याने आटोक्यात येते.

म्हणजे स्नायू निर्दोष सुटले का? नाही. मला वाटतं, इथे अलीकडच्या लिखाणात उलट बाजूला जरा जास्तच झुकलं जातं: सगळं मेंदूत आहे, पाय ठणठणीत आहेत. कंपवाताचे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. त्या वयात स्नायू तसेही झडत असतात, त्यात पडण्याच्या भीतीने चालणं कमी होतं, घरचे उठू देत नाहीत आणि वर्षा-दोन वर्षांत मांड्या खरोखर बारीक होतात. शिवाय कंपवाताच्या ताठरपणात एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी आवळलेले राहतात. पुढचा स्नायू पाय सरळ करू बघतो आणि मागचा त्याला सोडत नाही. त्यामुळे त्याच वेगाने चालायला कंपवाताच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, हे मोजलेलं आहे. तो बाजारापर्यंत गेला, तर आपल्या हिशेबाने बाजाराच्या पुढेच जाऊन आलेला असतो.

आमच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या एका काकांची चाल मी डोळे मिटूनही ओळखतो. पहिल्या फेरीला टाच टेकल्याचा ठप आवाज येतो, मग चवड्याचा. दुसऱ्या फेरीत ठप जातो आणि चपलेचा तळ सपाट पडतो. तिसऱ्या फेरीत सर्र, सर्र असं घासणं सुरू होतं, आधी उजव्या पायाचं, मग दोन्हींचं. त्याच वेळी उजवा हात हलायचा थांबून पोटाशी येतो. काका स्वतः म्हणतात, ‘मला कुठं काय होतंय!’ त्यांना खरंच जाणवत नाही. चपलेच्या तळाकडे पाहिलं तर उजवी अंगठ्यापाशी झिजून पातळ झालेली आणि टाच जवळपास नवी.

त्या सर्र आवाजात बरंच काही आहे. चालताना पाऊल मागून पुढे येतं तेव्हा सर्वांत खालच्या क्षणी अंगठा आणि जमीन यांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर अंतर असतं, तेही धडधाकट माणसात. आपल्या घरांतला उंबरठा, न्हाणीघराची कड, दुमडलेलं पायपुसणं, सगळं त्याहून उंच. पंजा वर उचलून धरणारा नडगीपुढचा स्नायू दमला की हे अंतर आणखी कमी होतं. पोटरी दमली की मागून मिळणारा रेटा घटतो, पाऊल आखूड होतं, आणि पुढचं पाऊल टाकायचं काम कमरेच्या स्नायूंवर येतं. पावलांचा ताल बिघडतो, ही तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही पण यंत्राला दिसते. निरोगी माणसाच्या एका पावलापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ दोन-तीन टक्क्यांपलीकडे फारसा हलत नाही. कंपवातात तो जास्त हलतो, आणि ज्यांचा जास्त हलतो ते जास्त पडतात.

संशोधक पाय मुद्दाम दमवतात ते एका साध्या युक्तीने. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी घडी घालून ठेवायचे आणि मेट्रोनोमच्या टिकटिकीवर उठायचं, बसायचं, उठायचं, बसायचं, ताल सुटेपर्यंत. मग लगेच चालायला लावायचं. निरोगी माणसांवरच्या अशा प्रयोगांत असं दिसलं की दमलेला माणूस फक्त मंदावतो असं नाही, तो चाल बदलतो. पाय जरा फाकवून टाकतो, म्हणजे पायाखालचा आधार रुंद होतो. हा शरीराचा शहाणपणा आहे. कंपवातात पावलं मुळात जवळजवळ पडतात, आणि तो रुंद पवित्रा आपोआप येण्याची यंत्रणाच दुबळी झालेली असते. ती उणीव माणसाला पुन्हा लक्ष देऊन भरून काढावी लागते.

तोलाचं प्रकरण चालण्याहून अवघड आहे. आपण उभे असतो तेव्हा निश्चल नसतो, घोट्यावर बारीकसे डुलत असतो. शरीर पुढे गेलं की पोटऱ्या आवळून ते मागे आणतात. धक्का मोठा असेल तर कमरेतून वाकून सावरतो, त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकतो. घोटा कितपत वाकलाय याची खबर पोटरीतले संवेदक मेंदूला देत राहतात. पोटरी दमली की ही खबर पुसट होते. म्हणून टाचा वर-खाली करून पोटऱ्या दमवल्यावर कुणीही डोळे मिटून उभं राहिलं तर जास्त डुलतं. काही मिनिटांत ते पूर्ववत होतं. कंपवातात ही खबर आधीच अंधुक असते, म्हणून माणूस डोळ्यांवर विसंबतो. भर उजेडात तो ठीक असतो. रात्री दीड वाजता, गोळीचा असर उतरलेला, दिवसभराचे दमलेले पाय आणि संडासाकडे जायची घाई, हे चारही एकत्र आले की काय होतं ते अस्थिरोग विभागात विचारा. एका वर्षात कंपवाताच्या निम्म्याहून अधिक रुग्ण एकदा तरी पडतात.

पाऊल टाकून सावरणं डॉक्टर एका चाचणीने बघतात. पाठीमागे उभं राहून, आधी सांगून, खांदे झटकन मागे ओढतात. निरोगी माणूस एक-दोन पावलांत सावरतो. कंपवाताचा माणूस बारीक बारीक पावलं टाकत मागे जात राहतो किंवा ओंडक्यासारखा डॉक्टरच्या अंगावर येतो. घरी हा प्रयोग कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नको, पण उत्साही जावई सगळीकडे असतात.

औषधाचं थोडक्यात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाअखेर डोपामिनचं मेंदूतलं काम दाखवलं. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६१ मध्ये व्हिएन्नात, मेंदू ज्यापासून डोपामिन बनवतो त्या लेव्होडोपाची इंजेक्शनं दिली गेली आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी ते पोटातून मोठ्या मात्रेत देऊन आजचा उपचार रूढ केला. त्याच्या कितीतरी आधी, १९३७ मध्ये, भारतीय संशोधकांनी आपल्या खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य शोधलं होतं. आयुर्वेदात कंपवातावर त्या बिया वापरतात, हे खरंच आहे, पण चालू गोळीच्या जोडीला परस्पर चूर्ण घेणं म्हणजे मात्रा न मोजता तेच औषध वाढवणं. लेव्होडोपाने हालचालीचा जोर, वेग आणि टिकाव सुधारतो, स्नायूंचं मोजता येणारं दमणंही कमी होतं. तोल मात्र तितका सुधारत नाही, कारण तोलाच्या यंत्रणेत डोपामिनखेरीज इतरही रसायनं आहेत आणि तीही या आजारात घटतात. गोळी भरपूर डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर घेतली तर प्रथिनांतली अमिनो आम्लं तिच्याशी स्पर्धा करतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. ‘आज पाय उचलतच नाहीत’ या तक्रारीमागे कधी कधी पायांऐवजी सकाळचं पेलाभर दूध असतं.

आणि कधी रक्तदाब असतो. झोपलेल्या अवस्थेतून उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर डोळ्यांपुढे अंधारी आली नाही तरी पाय गळाल्यासारखे होतात. कंपवातात हे वारंवार आढळतं आणि दोनदा रक्तदाब घेतल्याशिवाय कळत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि झोप यांचीही चौकशी हवी. नैराश्याचीसुद्धा, जी आपल्याकडे सर्वांत शेवटी होते.

आता व्यायाम, आणि इथे माझं मत मी झाकून ठेवणार नाही. ‘दमाल, बसा’ हे प्रेमाचं वाक्य या आजारात फार नुकसान करतं. हुकुमातली घट पूर्ण भरून काढणं आज कुणाच्या हातात नाही. मांडीचा आणि पोटरीचा दुबळेपणा मात्र बराचसा भरून निघतो, अगदी सत्तरीतही. शिकागोच्या एका अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांना दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढत्या वजनांचा व्यायाम दिला. २०१३ मध्ये निकाल आले तेव्हा नुसता हलका व्यायाम केलेल्यांपेक्षा त्यांची आजाराची लक्षणं औषध न घेतलेल्या वेळीही कमी दिसली. २०१२ मध्ये अमेरिकेत १९५ रुग्णांवर ताई ची या संथ चिनी व्यायामाची तपासणी झाली. सहा महिन्यांनी त्या गटाचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाची माणसं नृत्यवर्गात जातात. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. संगीताचा ठेका हा कानाने दिलेला पट्टाच आहे, आणि नाचताना वळणं, मागची पावलं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, नेमकं जे बिघडतं तेच पुन्हा पुन्हा होतं. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्थाही असे गट चालवते.

पण दमवणं आणि पाडणं यांत अंतर राखावं लागतं. व्यायाम गोळीचा असर पूर्ण चढलेला असताना करावा, उतरत असताना नाही. खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम घरी सर्वांत सोपा: खुर्ची भिंतीला टेकलेली, समोर ओटा किंवा जड टेबल, आठ-दहा वेळा उठून मग दोन-तीन मिनिटं खरोखरीची विश्रांती, मग पुन्हा. खोल सोफा आणि बुटका दिवाण यांवरून उठणं हा व्यायाम नव्हे, छळ आहे. दमवणारा व्यायाम झाल्यावर लगेच आंघोळीला जाऊ नये. फेऱ्या मारताना अंतरावर लक्ष ठेवण्यापेक्षा चपलेच्या आवाजावर ठेवावं. घासणं सुरू झालं की थांबायचं. ओढत पुढची फेरी पूर्ण करायची नाही. थांबून पाठ सरळ करायची, वजन दोन-चारदा डावीकडून उजवीकडे न्यायचं आणि पहिलं पाऊल मुद्दाम लांब टाकायचं. पावलांची घट तिथून पुन्हा शून्यावरून मोजली जाते. अर्ध्या तासाचं सलग चालणं तीन तुकड्यांत केलं तर बिघडत काही नाही. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता गोलाकार चालत वळावं. बाजूला चालणाऱ्याने त्या क्षणी गप्पा थांबवाव्यात.

डॉक्टरांना हे सगळं दिसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच. तपासणीच्या खोलीत रुग्ण दहा पावलं चालतो, तीही गोळी घेऊन, नवीन शर्ट घालून, बाईसाहेबांपुढे किंवा साहेबांपुढे कंबर कसून. त्या दहा पावलांत थकवा यायचा असतो कुठे? सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ही चाचणी त्यासाठी जास्त उपयोगी आहे, पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तिला जागा आणि वेळ नसतो. तेव्हा घरच्यांनी मोबाईल वापरावा. सकाळी पहिल्या फेरीचं अर्धं मिनिट आणि संध्याकाळी शेवटच्या फेरीचं अर्धं मिनिट, पाय टाचेपर्यंत दिसतील असं, समोरून आणि बाजूने, त्यात एक वळण आणि एक दरवाजा येईल असं. सोबत चिठ्ठीवर लिहावं: गोळी किती वाजता घेतली, व्हिडिओ किती वाजता काढला, त्याआधी किती वेळ चालणं झालं होतं. आवाज बंद करू नये, चप्पल ऐकू आली पाहिजे.